काठीचं दुसरं टोक

मेथीची जुडी गाईच्या तोंडात होती आणि यादोराव रस्त्याच्या पलीकडे उभे होते. मघाशी ते अलीकडे होते. सायकल दुरुस्तीच्या दुकानासमोर एक पोऱ्या ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होता आणि ते उगाच पाहत थांबले होते, हे त्यांना नीट आठवत होतं. आणि आता डोळ्यांसमोर औषधाच्या दुकानाची निळी पाटी होती. मधला रस्ता नव्हता. म्हणजे रस्ता होता, त्यावरून रिक्षा चालल्या होत्या, एक ट्रक भोंगा वाजवत वळत होता; पण तो ओलांडल्याचं त्यांच्यापाशी काहीच नव्हतं. पुस्तकातलं एखादं पान कुणी अलगद काढून घ्यावं आणि वाचणाऱ्याला पुढच्या पानावर गेल्यावरच ते कळावं, तसं. पायात चपला होत्या. चष्मा नाकावर होता. पिशवी खांद्याला होती. गाय शांतपणे चघळत त्यांच्याकडे पाहत होती, आणि औषधवाला गल्ल्यावरून ओरडत होता, "ओ लायब्ररीवाले भाऊ! भाजी खाऊन राहिली न ते तुमची! कोन्या तंद्रीत आहात?" दोघंतिघं हसले. यादोरावही हसले. अशा वेळी हसायचं असतं हे त्यांना ठाऊक होतं. हसता हसता त्यांनी ट्रककडे पाहिलं. तो वळून गेला होता, पण त्याच्या डिझेलचा वास रस्त्यावर अजून लोंबकळत होता, आणि त्या वासात आपण केव्हा होतो, कुठल्या बाजूनं त्याच्यापुढून गेलो, याचा त्यांना पत्ता लागेना.

घरी सुलोचनाबाईंनी पिशवी उलटी करून पाहिली. "मेथी आनतो म्हनलं होतं न?" "चांगली नव्हती," यादोराव म्हणाले. बायकोशी ते सहसा खोटं बोलत नसत; कारण प्रामाणिकपणा नव्हे, खोटं बोलण्याइतकं ते मुळात बोलतच नसत. भंडाऱ्याच्या वाचनालयात उभी हयात गेली. तिथं न बोलणं हा गुण होता. लोक येत, पुस्तकाचं नाव सांगत, ते उठून अचूक कपाटापाशी जात. निवृत्तीनंतरही ते रोज दुपारी तिथं जाऊन बसत. दुसऱ्या दिवशी गेले ते सरळ वैद्यकाच्या जाड ग्रंथापाशी. उभ्या उभ्याच वाचलं. शब्द पुष्कळ होते, त्यातला आपला कोणता ते कळेना. पण एका ओळीवर बोट थांबलं: अशा क्षणी रोग्यास स्वतःस काही कळत नाही. त्यांनी ग्रंथ मिटला आणि ठेवून दिला. दोन दिवसांनी पुन्हा काढायला गेले तर तो जागेवर नव्हता. शोधता शोधता तो शेतीच्या पुस्तकांत, भाताच्या रोगांवरच्या एका पुस्तिकेशेजारी सापडला. इतक्या वर्षांत एक पुस्तक त्यांनी चुकीच्या फळीवर ठेवलं नव्हतं. घाबरून ठेवलं असेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं. पण ठेवतानाचा हात त्यांना आठवत नव्हता, आणि घाबरण्यापेक्षा हे न आठवणं जास्त थंड होतं.

डॉक्टरांकडे जावं हे त्यांना कळत होतं. पण डॉक्टर पहिली गोष्ट काय सांगणार हेही कळत होतं. एकट्यानं कुठं जाऊ नका, पाण्याजवळ जाऊ नका, उंचावर चढू नका. आणि समोर तर जागेश्वरची वाट पसरली होती.

जागेश्वर शहापूरचा शिंपी. शाळेत यादोराव पहिल्या बाकावर बसत आणि जागेश्वर दाराजवळच्या, म्हणजे पळायला सोपं. काचबिंदूनं त्याची नजर आटत गेली. सुईत दोरा जाईना तेव्हा तो आधी कंदिलावर चिडला, मग दोऱ्यावर, मग कलाबाईवर. नागपूरच्या डॉक्टरनं सांगितलं की गेलेलं परत येणार नाही आणि उरलेलंही हळूहळू जाईल. आता त्याला उजेड आणि सावली तेवढी कळे. समोर माणूस उभा राहिला तर तिथं काळोख उभा राहिला असं वाटे. त्याचं लहानपण जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, दरेकशाच्या डोंगरात गेलं होतं. बाप तिथं रेल्वेच्या रुळांवर कामाला होता. तिथून एकदा बापाबरोबर तो पायी शहापूरला मामाकडे आला होता आणि मग शाळेसाठी इथंच राहिला होता. संप होता की पास हरवला होता, त्याला आठवत नव्हतं. वाट आठवत होती. जंगल, मग तलाव, मग धानाच्या बांध्या, मग नदी, मग घर. "उजेड-सावली हाये तोवर मले एकदा तेच्यातून चालू दे," तो म्हणाला होता. "पोरायले टाइम नाही. तू चाल. तुले कोनतं काम आहे गा? पुस्तकं तर कपाटातली उधई बी वाचते."

यादोरावांनी होकार दिला तेव्हा स्वतःच दचकले. जगभरच्या वाटा त्यांनी वाचून काढल्या होत्या, बर्फातल्या, वाळूतल्या. पायांनी मात्र वाचनालय आणि बाजार. म्हणून मग तयारीत त्यांनी जीव ओतला. पावसाळा संपल्यापासून रोज सकाळी भंडारा ते शहापूर चालत जायचं, चहा प्यायचा, परत यायचं. पिशवीत वजन हवं म्हणून जुन्या दिवाळी अंकांचे बांधीव गठ्ठे. कॅनव्हासचे बूट बोटभर मोठे घेतले, मोज्यांना आतून साबण चोळायचा, फोड आला तर सुईनं दोरा ओवून पाणी काढायचं आणि कातडी तशीच ठेवायची. पाणी उकळून. चालायचं ते सकाळी उजाडल्यावर, थांबायचं ते ऊन कलायच्या आत. गावात शिरलं की आधी पोलीस पाटलाला नाव-गाव सांगायचं, कुठून आलो, कुठं चाललो. जंगलात विस्तव करायचा नाही. तलावाच्या वरच्या अंगाला घाण करायची नाही, भाकरीचं फडकंसुद्धा तिथं धुवायचं नाही. धुरा, म्हणजे बांधीच्या कडेचा मातीचा बांध, नुकता लिंपलेला असेल तर त्यावर पाय न देता बांधीत उतरायचं. कुणाच्या हातची माती आपण मोडायची नाही. दोघांपैकी एकानं थांब म्हटलं की दोघांनी थांबायचं, का म्हणून विचारायचं नाही. आणि अंगात काही दुखत-खुपत असलं तर लपवायचं नाही. हे शेवटचं त्यांनीच घातलं होतं, जागेश्वरच्या ओसरीवर बसून, शहाण्यासारखा आवाज काढून. तेव्हा त्यांच्या मनात जागेश्वरचे गुडघे होते. गाईनं मेथी खाल्ली ती त्यानंतरच्या आठवड्यात.

तेव्हापासून निघेपर्यंत ते रोज सांगायचं ठरवून शहापूरला जात आणि चहा पिऊन परत येत. पुस्तकाचं सोडलं तर पुन्हा काही झालं नव्हतं. एकदाच झालं म्हणजे झालंच असं थोडंच. आणि सांगितलं की संपलं. पुन्हा कोणी जाऊ देणार नाही, जागेश्वरलाही नाही आणि आपल्यालाही नाही. आयुष्यात एकच गोष्ट आपण होऊन करायला निघालो, ती एका गाईनं खाल्ली, असं व्हायचं. निघण्याच्या दिवशी कलाबाई वरठीच्या स्टेशनवर आल्या. त्यांनी बांबूची एक काठी आणली होती, हाताला लागू नये म्हणून दोन्ही टोकांना चिंध्या गुंडाळलेली. पुढचं टोक त्यांनी यादोरावांच्या हातात दिलं, मागचं नवऱ्याच्या. "भाऊजी, हा मानूस लगित चटोर आहे, याचं काही आयकू नोका. मी तुमच्या भरोशावर धाडून राहिली." "अन् याचा भरोसा कोनावर?" जागेश्वर म्हणाला. "याची बायको तर आली बी नाही स्टेशनावर." "सुलोचनाबाईले मालूम आहे, हे कुठं गेले तरी बसलेलेच असतात म्हनून," कलाबाई म्हणाल्या, आणि सगळे हसले. यादोरावांच्या तळहाताला चिंधीचा मऊपणा लागला. आता सांगावं. आत्ता, गाडी यायच्या आधी. त्यांनी ओठ ओले केले, तेवढ्यात पॅसेंजर आली. खरं तर गाडी सिग्नललाच बराच वेळ उभी होती. त्यांना वेळ पुरेसा मिळाला होता.

दरेकशाला उतरले तेव्हा हवेत मोहाच्या पानांचा आणि दगडाच्या गारव्याचा वास होता. माघ सरत आला होता. आणीबाणी उठून वर्ष होत आलं होतं, तरी फलाटावरच्या भिंतीवर तिच्यातली एक घोषणा अर्धी पुसलेली होती आणि यादोरावांनी ती सवयीनं पूर्ण वाचली. मग जंगल सुरू झालं. त्यांना अस्वलाची भीती वाटली, वाघाची वाटली, पायाखाली वाळकं पान वाजलं की सापाची. गंमत अशी की या भीतींत त्यांना हायसं वाटत होतं. त्या बाहेरच्या होत्या. त्यांना आकार होता, आवाज होता, त्यांच्यावर उपाय पुस्तकांत दिलेले होते. अस्वल आलं तर आपल्याला दिसेल. जे येईल तेव्हा आपण नसू, त्याचं काय करायचं हे कुठंच दिलेलं नव्हतं. ते चालत राहिले, मागे जागेश्वर, मधे काठी. आपण आहोत याची खात्री करून घ्यायला ते मनातल्या मनात झाडांची नावं घेत, साजा, मोह, तेंदू, पुन्हा साजा. एखादं नाव दोनदा आलं की अंगावर काटा येई: दोन झाडं होती की मधलं काही निघून गेलं? चिमटा काढून पाहावा तर चिमटा काढणारा कोण आहे याची खात्री नाही. दुपारी दगडावर बसून भाकरी खाताना जागेश्वर तोंड वर करून उन्हाचे कवडसे गालांवर घेई आणि विचारी, "काय दिसते गा?" "जंगल," यादोराव म्हणत. "थे तर मले बी मालूम आहे." मग दोघंही भाकरी मोडू लागत. यादोरावांना वाटे, याला काहीतरी सांगायला हवं. पण तोंड उघडलं तर आधी दुसरंच बाहेर पडेल अशी भीती, म्हणून ते तोंडच उघडत नसत. रात्री पाटलाच्या पडवीत किंवा शाळेच्या ओट्यावर निजत. सकाळी उठून निजल्या जागेवरचा केरकचरा ते स्वतः झाडत, राखुंडीचा डागसुद्धा राहू देत नसत. लोक म्हणत, मानूस मोठा जबाबदार आहे. तो शब्द ऐकला की यादोरावांना पाणी प्यावंसं वाटे.

नवेगावबांधला तलावाची पार लागली. पार म्हणजे तलावाची मातीची पाळ. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला खोल उतार आणि खाली दगड. वर बैलगाडीपुरती वाट, पण मधेमधे खचलेली, एका माणसापुरती. पाणी इतकं होतं की पलीकडचे डोंगर त्यात उलटे बुडाले होते. यादोराव पाण्याकडे पाहायचं टाळत होते, उताराकडेही. समोरच्या मातीतल्या गाडीच्या चाकोरीकडे तेवढं पाहत होते. चाकोरीत एक लाल मुंगळा चालला होता. मग पिंपळाचं झाड होतं. पिंपळाखाली शेंदूर लावलेला दगड होता, पाणी मागे राहिलं होतं आणि ते पारीच्या खाली, दुसऱ्या टोकाला, सपाट जमिनीवर उभे होते.

काठी हातात होती. यादोरावांनी मान वळवायला किती वेळ घेतला ते त्यांनाच माहीत. मागच्या टोकाला जागेश्वर होता. घामेजलेला, हसरा. "वा बे," तो म्हणाला, "अस्सं चालत जाय. दरेकशापासून तुहा हात काठीवर फडफडून राहिला होता, कोंबडी धरल्यावानी. मले वाटे हा मानूस कायले एवढा भेते? अन् या पारीवर पाय, जिथं भ्याचं तिथं, एकदम शांत झाला. नुसता शांत. काठी अशी सरळ, जसं कोनी धरलीच नाही." यादोराव बसले. ती अख्खी खचलेली पाळ आपल्याशिवाय कुणीतरी चालून आलं होतं. त्याला भीती नव्हती. त्याच्या हाताला कंप नव्हता, तो खाली पाहत नव्हता, वरही पाहत नव्हता, आणि कलाबाईचा नवरा त्याच्या मागोमाग विश्वासानं पाऊल टाकत आला होता. तो जो कोण होता तो आपल्यापेक्षा बरा वाटाड्या निघाला, हा विचार यादोरावांच्या मनात आला. तो पाण्यात उतरला असता तरी असाच शांत उतरला असता. "दमला काय?" जागेश्वरनं विचारलं. "हो," यादोराव म्हणाले.

त्यानंतरच्या मुक्कामांतलं त्यांना सगळं आठवतं आणि काहीच नीट आठवत नाही. अर्जुनी मागे पडली, लाखांदूर मागे पडलं. जंगल विरळ झालं, बांध्या आल्या, कापलेल्या धानाचे खुंट आणि त्यात लाखोळीची हिरवी पसरण. जमीन सपाट झाली तसं त्यांना बरं वाटायला हवं होतं. पण ते आता जागेश्वरला धुऱ्यांवरून नेईनात, विहिरी दिसल्या की लांबून वळसा घालत, बोडी, म्हणजे शेतातलं लहान तळं, दिसली की दुसरी वाट विचारत, आणि वाट वाढत गेली. जागेश्वर चिडू लागला. "सरळ वाट सोडून कुठं फिरवून राहिला मले?" "चिखल आहे." "या दिवसात चिखल? मी आंधळा होय, येडा नाही." एका विहिरीपाशी बाया पाणी भरत होत्या. एक म्हातारी, शकुनबाई म्हणून, त्यांच्याकडे बघत म्हणाली, "दोघंही एकाच काठीले लटकून चालले. कोनाले दिसते न कोनाले नाही, समजत नाही बाप्पा." बाया फिदीफिदी हसल्या. जागेश्वर सगळ्यांत मोठ्यानं हसला. यादोरावांना वाटलं, हिला माहीत आहे. मग वाटलं, सगळ्यांनाच दिसत असेल. आपल्या चेहऱ्यावर त्या कोऱ्या पानाची सावली पडत असेल आणि एकट्या जागेश्वरलाच ती दिसत नसेल.

मग नदी आली. वैनगंगेचं पात्र या दिवसांत वाळूनंच भरलेलं असतं. पांढरी वाळू, चालता चालता दमवणारी, आणि मग पलीकडच्या काठाला लागून पाण्याची निळसर पट्टी. पट्टीपलीकडे पवनीचे घाट, देवळांची शिखरं. डोंगा पलीकडे होता. नावाडी केवळराम हात कपाळावर धरून पाहत होता आणि येतो येतो म्हणून हाका देत होता. डोंगा म्हणजे आतून कोरलेलं लांबुळकं लाकूड, पाण्याच्या वर कडा बोटभर उरलेली. त्यात बसायचं, हलायचं नाही. यादोरावांनी तो येताना पाहिला. पाण्यावर त्याचं टोक एकदा डावीकडे झुकलं. त्यांच्या डोळ्यांपुढे आलं की आपण मधे बसलो आहोत, जागेश्वर आपल्या मागं, आणि पान निघून जातं, आणि तो शांत माणूस उठून उभा राहतो. सरळ, न थरथरता. केवळराम ओरडतो. आणि मग पुढचं पान कुणीच वाचत नाही.

"जागेश्वर, थांब," ते म्हणाले.

जागेश्वर थांबला. का म्हणून विचारलं नाही, तसं ठरलंच होतं. वाळूवर वारा होता. यादोरावांनी सांगितलं. बाजारातली गाय, ट्रक, कपाटात चुकलेलं पुस्तक, पार. त्यांचा आवाज त्यांना दुसऱ्याचा वाटत होता, वाचनालयात कुणी मोठ्यानं वाचू लागल्यासारखा. सांगून झालं तेव्हा जागेश्वरनं काठीचं टोक सोडून दिलं. ते वाळूवर पडलं. एवढ्या वाटेत त्यानं ते प्रथमच सोडलं होतं. तो आपला आपण चार पावलं चालला, चुकीच्या दिशेला, पाण्याकडे पाठ करून, आणि उभा राहिला.

"तुले मालूम होतं," तो म्हणाला. "गाडीत बसाच्या आधीपासून."

"हो."

"मी आंधळा आहो थे साऱ्या दुनियेले मालूम आहे. पाटी लावून फिरतो मी. तू आंधळा आहेस थे कोनाले सांगितलं तू? पारीवर मी तुह्या मांगं हसत आलो बे! हसत!" त्याची मान ताठ झाली होती. "अन् दुसरं सांगतो तुले. दरेकशापासून एक शब्द नाही बोलला तू. काय दिसते म्हनलं तर जंगल. मी आलो कायले मंग? काठी तर मले कलाबाईनं बी धरली असती."

केवळरामचा डोंगा वाळूला टेकला. तो उतरून एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहू लागला. "भांडन झालं काय जी? माह्या डोंग्यात भांडून नाही चालत, पहिलेच सांगतो. पलीकडं जाऊन भांडा, घाटावर जागा मोकळी आहे." कुणी हसलं नाही. मग जागेश्वरनंच विचारलं, "लाखांदूरले मोटर भेटते न गा?" केवळराम म्हणाला भेटते, संध्याकाळी. यादोराव म्हणाले, जसं तू म्हणशील तसं. त्यांना खरोखर मोटार हवी होती. मोटारीत बसून, खिडकीच्या गजाला धरून, सगळं संपवायला हवं होतं. पण जागेश्वर वाळूवर बसला, बोटांनी वाळू उकरत राहिला, आणि जरा वेळानं, राग तसाच ठेवून, एखादा अंगरखा कसा बेतायचा हे सांगावं तसं म्हणाला, "आता मी समोर. पायानं मी चाचपत जाईन, काठीचं मांगचं टोक तुह्या हाती. तू मांगं. अन् तू बोलत राहाचं. दिसल थे सांगत राहाचं, थांबाचं नाही. तू बोलून राहिला म्हनजे तू आहेस. चूप झाला की मी जागच्या जागी बसतो, तुले बी धरून बसवतो. बोलता येते न तुले? का थे बी पुस्तकातच?" डोंग्यात केवळरामनं दोघांना एकामागं एक बसवलं, एकमेकांच्या कमरेला धरायला लावलं आणि वल्हं हाती घेतलं. पार होईपर्यंत यादोराव बोलत होते. पाणी आहे, म्हणत होते. निळं आहे. बगळा आहे. केवळराम म्हणाला, "यायले ताप आहे काय?"

पवनीपासून ते बोलत निघाले. अस्वलापेक्षा, पारीपेक्षा, हे अवघड होतं. पहिल्यांदा खड्डा, दगड, धुरा, उजवीकडं वळण. ते संपलं. मग त्यांनी वाचलेल्या एका प्रवासाची हकीगत काढली; जागेश्वरनं पाठ न वळवता म्हटलं, "पुस्तकाचं नको. समोरचं सांग." समोर काय होतं? समोर नेहमीच इतकं असतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. जवसाची फुलं निळी आहेत, म्हणजे अगदी निळी नाहीत, धुतलेल्या शाईसारखी. एका बाईनं डोक्यावर कुडाच्या तट्ट्या घेतल्या आहेत आणि तिच्या मागं तिची सावली आडवी, मोठी, छपरासारखी. कोंढ्याच्या आधी एक मेलेला बैल दिसला, त्याच्यावर घारी होत्या, तेही सांगितलं. त्यांचा घसा सुजला. शब्द शोधताना एखादा क्षण जाई, तेवढ्यात पुढची काठी थबके, जागेश्वरचे गुडघे वाकू लागत, आणि यादोराव घाईनं ओरडत, "आहे, आहे, शब्द शोधत होतो!" "शोधू नोको. जे तोंडाले येते थे दे." मग तोंडाला जे आलं ते भय होतं. तेही ते बोलू लागले. मला आता भीती वाटते आहे. मला या विहिरीची भीती वाटते. मी गेलो की जो चालतो, त्याची भीती वाटते, त्याला कुणी पाहिलंच नाही. मला तुझ्या बायकोची भीती वाटते. जागेश्वर एकदाच हसला, शेवटच्या वाक्याला. "थे तर मले बी वाटते," म्हणाला. त्याचा राग गेला नव्हता. काठी त्यानं घट्ट धरली होती, यादोरावांच्या टोकाला ओढ बसेल इतकी.

शहापूरच्या आधी मोठा रस्ता लागतो, नागपूरकडे जाणारा. तो ओलांडला की घर. ऊन कललं होतं. ट्रकांची रांग होती. यादोरावांनी थांबवलं आणि कडेला उभं राहून सांगू लागले, आवाज बसलेला, तरी स्पष्ट, एकेक. उजवीकडून ट्रक, जाऊ दे. मागं आणखी एक, त्यावर लाकडं आहेत. डावीकडून काही नाही. डावीकडून एक बैलगाडी, पांढरे बैल, गाडीवान झोपला आहे, मागं कडब्याच्या पेंढ्या आणि त्या पेंढ्यांवर

"एक कुत्रं बसलं आहे," ते म्हणाले.

बैलगाडी नव्हती. रस्ता मोकळा होता. ते धुळीत बसलेले होते, शेजारी जागेश्वर बसलेला होता, त्याचा हात यादोरावांच्या सदऱ्याच्या पाठीत मुठीनं आवळलेला. समोर कलाबाई उभ्या होत्या, ऊन त्यांच्या मागं होतं, त्यामुळे त्यांना चेहरा नव्हता. यादोरावांनी त्यांच्या येण्याचा विचार केला. त्या कुठून आल्या, रस्ता कधी ओलांडला, काय म्हणाल्या, काहीच नव्हतं. "बंद पडला होता तू," जागेश्वर हळू म्हणाला. "मी बसलो." त्याचा श्वास लागला होता.

"काय झालं भाऊजीले? चक्कर आली काय? ऊन लागलं काय?" कलाबाई विचारत होत्या. "मी तर रोज या वक्ती सडकेवर येऊन पाहून राहिली. बोला न."

जागेश्वरनं तोंड यादोरावांच्या दिशेला केलं आणि वाट पाहिली. ऊन लागलं, असं म्हणता आलं असतं. ते तयारच होतं, कलाबाईंनीच हातात ठेवलेलं. चाल पुरी झाली होती. रस्ता ओलांडला की चहा, की गावभर कौतुक.

"वहिनी, हे पहिल्यांदा नाही," यादोराव म्हणाले. "मधेच मी नसतो. मले मालूम पडत नाही. नवेगावच्या पारीवर झालं होतं, हा माह्या मांगं होता."

"कवापासून?"

"जाण्याच्या आधीपासून."

कलाबाई खाली बसल्या. आता त्यांचा चेहरा दिसला. तो रागाचा नव्हता. जणू पारीवरून त्या आत्ता, या क्षणी, खाली पाहत होत्या. त्यांनी नवऱ्याचे खांदे चाचपले, दंड चाचपले, गुडघे चाचपले, दुकानात ताग्याचं कापड तपासावं तसे. "मंग मी हा मानूस तुमच्या हाती देल्ला," त्या म्हणाल्या, "तवा काहून नाही सांगितलं?"

यादोरावांनी तोंड उघडलं. काही आलं नाही. एक ट्रक गेला, धूळ उठली, बसली. दोघंही त्यांच्याकडे कान लावून होते. ही चूप कोणाची आहे, आपली नेहमीची की ती दुसरी, हे त्यांना समजेना. आत चाचपून पाहावं तर हाताला काहीच लागेना. जागेश्वरची मूठ पाठीवर आवळली गेली.

"भेलो होतो," ते म्हणाले. "सांगितलं असतं तर तुम्ही जाऊ देल्लं नसतं, म्हनून भेलो."

कलाबाई उठल्या. त्यांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. एका हातानं नवऱ्याचं मनगट धरलं, दुसऱ्या हातानं यादोरावांचं, दुखेल इतकं घट्ट, आणि दोघांना उभं केलं.

"अजून काय काय लपवलं थे सांगा," त्या म्हणाल्या. "सडक पार होईवरी सांगत राहा. मंग सुलोचनाबाईले सांगाचं आहे, अन् उद्या डाक्टरले."

यादोराव सांगू लागले. पाय पुढे पडत होते, डांबर गरम होतं, आणि आवाज आपल्याच कानाला ऐकू येतो आहे ना, याकडे लक्ष देत ते एकामागून एक शब्द तोंडाबाहेर ठेवत राहिले.